आकाशगंगेतील मांडलिक : विज्ञानकथेतील सत्तेची उतरंड आणि करवीरचा वाचक

१

मराठीतील विज्ञानकथेची समीक्षा बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. कथेतील विज्ञान कितपत खरे आहे, हा पहिला प्रश्न. आणि अशी कथा 'साहित्य' म्हणून कितपत उतरते, हा दुसरा. दोन्ही प्रश्न वैध आहेत. परंतु त्यांच्या छायेत एक तिसरा प्रश्न दुर्लक्षित राहिला. विज्ञानकथा जेव्हा अनेक ग्रहांचे आणि अनेक राज्यांचे विश्व उभे करते, तेव्हा त्या राज्यांमधील श्रेष्ठकनिष्ठतेचे नाते ती कोणत्या ऐतिहासिक नमुन्यावरून उचलते? आणि तो नमुना ज्या वाचकाच्या अनुभवाचा नाही, तो वाचक ती संहिता कशी वाचतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात आयझॅक आसिमॉव्ह यांची 'फाउंडेशन' ही कादंबरी मुख्य संहिता म्हणून घेतली आहे. आणि ती वाचणारा वाचक विशिष्ट ठिकाणी बसवला आहे. तो करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी या गावचा आहे. कोल्हापूरच्या विमानतळाला लागून असलेल्या या गावाची निवड यादृच्छिक नाही. वाचकप्रतिसादाच्या सिद्धांतात 'अभिप्रेत वाचक' नावाची एक अमूर्त व्यक्ती असते. तिला गाव नसते, गावकामगार पाटील नसतो, वरून येणारा हुकूम नसतो. आकाशगंगेच्या साम्राज्याविषयी बोलताना हे अमूर्तपण फार सोयीचे ठरते. सत्तेची उतरंड वरून पाहिली तर ती नकाशासारखी दिसते. खालून पाहिली तर ती जिन्यासारखी दिसते. प्रस्तुत वाचक खालून पाहणारा आहे.

२

'फाउंडेशन'मधील कथा १९४२पासून अमेरिकेतील एका नियतकालिकातून प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९५१मध्ये त्यांचे पुस्तक झाले. गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास हा या रचनेमागचा नमुना असल्याचे खुद्द आसिमॉव्ह यांनीच सांगितले आहे. सुमारे अडीच कोटी वसतिग्रहांचे साम्राज्य, ट्रॅन्टर ही त्याची राजधानी, आणि आकाशगंगेच्या पार काठावर टर्मिनस हा धातूंचे दारिद्र्य असलेला एक लहानसा ग्रह. टर्मिनसवर ज्ञानकोशकारांची वसाहत आहे. तिच्या शेजारी साम्राज्यापासून फुटून निघालेली चार राज्ये आहेत; त्यांत अनाक्रिऑन हे सर्वांत आक्रमक.

पहिल्याच पेचप्रसंगात या विश्वातील सत्ताक्रमाची परीक्षा होते. अनाक्रिऑनला टर्मिनसवर लष्करी तळ हवा आहे आणि आपल्या सरदारांसाठी जमिनी हव्या आहेत. मोबदल्यात ते 'संरक्षण' देऊ करते. ज्ञानकोशकारांच्या मंडळाचे उत्तर ठराविक आहे : आपण अनाक्रिऑनच्या अखत्यारीत नाही, आपली सनद थेट सम्राटाची आहे. नगराध्यक्ष सॅल्व्हर हार्डिन याला या उत्तरातील पोकळी दिसते. साम्राज्य आणि अनाक्रिऑन यांच्यातील तहाचे तो तर्कशास्त्राच्या चिन्हांत पृथक्करण करवून घेतो. निष्पन्न असे होते, की अनाक्रिऑनवर साम्राज्याचे कोणतेही बंधन नाही आणि साम्राज्याचा अनाक्रिऑनवर कोणताही अधिकार नाही. सम्राटाचा प्रतिनिधी लॉर्ड डॉरविन पाच दिवस बोलत राहिला. त्याच्या बोलण्याचे सारही शून्यच निघते.

पाश्चात्त्य समीक्षेत हा प्रसंग बहुधा शब्दबंबाळ मुत्सद्देगिरीवरील उपहास म्हणून वाचला जातो. करवीरच्या वाचकाला मात्र येथे एक ओळखीचा दावा ऐकू येतो. 'आम्ही तुमचे नव्हे, तुमच्या वरच्याचे', हा तो दावा. कोल्हापूर संस्थानाच्या अंतर्गत विशाळगड, बावडा, कागलच्या दोन पात्या, कापशी, तोरगल, इचलकरंजी, हिंमतबहादूर आणि सरलष्कर बहादूर अशा नऊ जहागिऱ्या होत्या. त्यांपैकी इचलकरंजीच्या घोरपड्यांची पेशव्यांशी सोयरीक होती. बाळाजी विश्वनाथांची कन्या अनूबाई त्या घरात दिली होती. करवीरचे मांडलिक म्हणवून घेण्यास ती जहागीर दीर्घकाळ नाखूश राहिली. १८६२च्या करारात मोठ्या जहागीरदारांवर इंग्रजांची देखरेख राखून ठेवली गेली. म्हणजे करवीरचा राजा आपल्या जहागीरदारांचा धनी होता खरा, पण त्या धनीपणावर तिसऱ्याची नजर होती. जहागीरदाराला दरबाराविरुद्ध रेसिडेन्सीकडे जाण्याची वाट उघडी होती. टर्मिनसचे मंडळ सम्राटाची सनद दाखवते तेव्हा ते हीच वाट चालू पाहते.

फरक आहे तो वाटेच्या शेवटी कोण बसला आहे यात. टर्मिनसच्या सनदेमागे कुणीच उरलेले नाही. कोल्हापुरात सनदेमागे जो होता, तो सनदेपेक्षा मोठा होता. १९२६मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी निजामाला लिहिलेल्या पत्रात ब्रिटिश सत्तेचे श्रेष्ठत्व केवळ तहनाम्यांवर आधारलेले नसून त्यांपासून स्वतंत्र आहे, अशी भूमिका घेतली. १९२९च्या बटलर समितीने या सार्वभौमत्वाची व्याख्या करण्याचेच टाळले. एका ठिकाणी तह निरर्थक होतो, कारण केंद्र दुबळे झाले आहे. दुसऱ्या ठिकाणी तह निरर्थक होतो, कारण केंद्र अतिप्रबळ आहे. शब्द दोन्हीकडे पोकळच. आसिमॉव्ह यांच्या कथनव्यूहात यांपैकी पहिलीच शक्यता आहे, कारण रोमच्या ऱ्हासाच्या नमुन्यात तेवढीच असते. मांडलिक राज्याचा अनुभव या नमुन्यात एक दुसरी शक्यता भरतो, आणि त्यामुळे संहितेचे एक मौन उघडे पडते : साम्राज्य ऐन भरात असताना अनाक्रिऑनसारख्या प्रांताची अवस्था काय असेल, याविषयी कादंबरी जवळजवळ काहीच सांगत नाही.

३

या राज्यांच्या परस्परसंबंधांसाठी भारतीय परंपरेतील कौटिल्याचे मंडल हे प्रतिमान सहज सुचते. हार्डिन उरलेल्या तीन राज्यांकडे जातो आणि अणुशक्तीचे रहस्य एकट्या अनाक्रिऑनच्या हाती पडणे त्यांना किती घातक आहे हे पटवतो. मग ती तिन्ही राज्ये मिळून अनाक्रिऑनला निर्वाणीचा खलिता धाडतात. शत्रूच्या शेजाऱ्यांना मित्र करण्याचे हे तंत्र मंडलसिद्धांताचे शालेय उदाहरण म्हणून देता येईल. तथापि, हे प्रतिमान एका मर्यादेपलीकडे उपयोगी पडत नाही. मंडल मुळात अंतराचे आणि समीपतेचे शास्त्र आहे. हीन, सम आणि ज्यायान असा बलाबलाचा विचार त्यात येतो, परंतु ही स्थिती बदलती असते. आजचा हीन उद्याचा ज्यायान होऊ शकतो. मानमरातबाने गोठवलेली उतरंड त्यात नाही. कोल्हापूरला १९ तोफांची सलामी, सांगलीला ९, कुरुंदवाडसारख्या संस्थानांना एकही नाही, अशी जी मोजपट्टी वसाहतकाळात तयार झाली, ती मंडलाची भाषा नव्हे. तिच्यात बळ मोजले जात नाही. मान्यता मोजली जाते, आणि मोजणारा या रांगेच्या बाहेर उभा असतो.

मराठी राजनीतीच्या परंपरेत या प्रश्नाशी अधिक जवळून भिडणारा एक ग्रंथ आहे, आणि तो कोल्हापूरच्या गादीशीच निगडित आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यात किल्ले, आरमार, सावकार, वतनदार आणि टोपीकर अशा सत्तेच्या निरनिराळ्या केंद्रांचा विचार आहे. वतनदार हे वरवर प्रजाजन, परंतु वृत्तीने लहान लहान राजेच, राज्याचे वाटेकरी, अशी त्याची दृष्टी आहे. आणि समुद्रापलीकडून आलेले टोपीकर नुसते व्यापारी नव्हेत, त्यांच्या व्यापारामागे राज्यलोभ आहे, हे त्याने ओळखले आहे. त्यांना बळकट जागा देऊ नयेत, किनाऱ्यावर ठाणे करू देऊ नये, हा त्याचा इशारा आहे.

हा इशारा हाती घेऊन 'फाउंडेशन' वाचली, तर कादंबरीतील नायक-प्रतिनायकांच्या जागा हलतात. अनाक्रिऑनच्या बाजूने पाहिले, तर टर्मिनस हा दुबळा विद्वानांचा ग्रह राहत नाही. ते टोपीकरांचे ठाणे ठरते. ते धातूसाठी परावलंबी आहे, त्याच्याजवळ सैन्य नाही, पण इतर कुणाजवळ नसलेली कला त्याच्याजवळ आहे, आणि ती कला ते विकत नाही, चालवून देते. पुढच्या पिढीत होबर मॅलो कोरेलशी व्यवहार करताना धर्माचा आडपडदाही बाजूला सारतो. यंत्रे घरोघर पोचली की राज्य आपोआप अंकित होते, हे त्याचे गणित आहे. लेखकाला हे मुत्सद्देगिरीचे यश वाटते, आणि कथेची गती वाचकालाही तसेच वाटायला लावते. 'आज्ञापत्रा'चा वाचक तेथे थबकतो.

४

कादंबरीच्या 'नगराध्यक्ष' या भागात हा थबकण्याचा क्षण सर्वांत तीव्र होतो. अनाक्रिऑनचा राजा पहिला लेपोल्ड अज्ञान आहे; त्याचा चुलता वायनिस कारभार पाहतो. दरम्यान टर्मिनसने चारही राज्यांना अणुशक्ती दिलेली आहे, पण धर्माच्या रूपात. वीजकेंद्रे चालवणारे तंत्रज्ञ हे पुरोहित आहेत आणि त्यांची दीक्षा टर्मिनसवर होते. राज्यारोहणाच्या रात्री वायनिस टर्मिनसवर आरमार धाडतो, आणि त्याच वेळी पुरोहित संप करतात. राजवाड्यातील दिवे जातात. आरमारातील पुरोहित सेनानौकेलाच शाप देतो आणि खलाशी बंड करतात. वायनिस आत्महत्या करतो.

अज्ञान राजा, कारभारी चुलता, बाहेरून दीक्षा घेतलेला पुरोहितवर्ग : ही मांडणी गिबनपेक्षा कोल्हापूरच्या एकोणिसाव्या शतकाला अधिक जवळची वाटते. साम्य अर्थातच योगायोगाचे आहे. प्रभावाचा दावा येथे अभिप्रेत नाही. परंतु योगायोगही अर्थनिर्मिती करतो. राजाराम महाराज १८७०मध्ये फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्यामागून दत्तक घेतलेल्या शिवाजी महाराजांना वेडसर ठरवण्यात आले आणि १८८३मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाविषयी लिहिल्यावरून झालेल्या खटल्यात १८८२मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. त्यानंतर रीजंट झाले ते कागलचे जहागीरदार जयसिंगराव घाटगे. धन्याच्या राज्याचा कारभार मांडलिकाच्या हाती आला. आणि १८८४मध्ये त्यांचाच मुलगा दत्तक जाऊन शाहू या नावाने करवीरचा धनी झाला. उतरंडीची पायरी रक्ताने नव्हे, दत्तकविधानाने बदलली, आणि त्या विधानावर शिक्का उतरंडीच्या बाहेरच्याचा होता. ज्या साताऱ्याला हा शिक्का मिळाला नाही, ते राज्य १८४८मध्ये खालसा झाले होते.

पुरोहितांच्या संपाचे प्रतिबिंब शोधायचे, तर ते वेदोक्त प्रकरणात सापडते. १८९९पासून कोल्हापुरात हा वाद पेटला. राजोपाध्यांनी शाहू महाराजांचे विधी वेदोक्त मंत्रांनी करण्यास नकार दिला. महाराजांनी त्यांची इनामे काढून घेतली. राजोपाध्यांनी इंग्रज सरकारकडे दाद मागितली आणि ती फेटाळली गेली. येथेही 'तुमच्या वरच्याकडे' जाण्याची तीच वाट दिसते. लेपोल्डच्या पुरोहितांना टर्मिनसचा आधार होता आणि तो पुरेसा ठरला. राजोपाध्यांना वरचा आधार मिळाला नाही. मात्र खरा भेद याच्या पुढे आहे. वायनिसजवळ पुरोहिताला पर्याय नव्हता. शाहू महाराजांनी १९२०मध्ये क्षात्रजगद्गुरूचे पीठ स्थापून त्यावर मराठा तरुणाला बसवले, म्हणजे मान्यता देणारी संस्थाच निर्माण केली. आसिमॉव्ह यांच्या विश्वात मांडलिकाला ही कृती सुचतच नाही. अनाक्रिऑनमध्ये एकही माणूस स्वतःच्या बळावर वीजकेंद्र चालवायला शिकत नाही, ही कादंबरीची मूलभूत अट आहे. सेल्डनच्या योजनेचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. इतिहासाचे गणित अचूक ठरावे यासाठी मांडलिकांनी अडाणी राहणे आवश्यक आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. आसिमॉव्ह यांनी धर्म हे तंत्रज्ञानाचे सोंग म्हणून दाखवले आहे, तर वेदोक्ताचा वाद खुद्द सामाजिक श्रेणीचा होता. दोहोंची तुलना करणे म्हणजे विषम गोष्टी एका मापाने मोजणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. तुलना वस्तूंची केली तर ती टिकणार नाही. परंतु येथे तुलना स्थानांची आहे : राजाच्या अधिकाराला जो संस्कार पूर्णत्व देतो, त्या संस्काराची किल्ली राजाबाहेर असणे, हे स्थान दोन्हीकडे समान आहे. त्या स्थानी वीज असो वा मंत्र, मांडलिकत्वाची रचना तीच राहते.

५

मग मराठी विज्ञानकथेने या रचनेचे काय केले? कोल्हापूर हे संस्थान असतानाच १९३८मध्ये तेथे जन्मलेले, बनारसला वाढलेले आणि २०२५मध्ये पुण्यात निधन पावलेले जयंत नारळीकर हे या वाङ्मयप्रकाराचे आपल्याकडील अग्रणी. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या पुस्तकांची शीर्षकेच पाहावीत : 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला'. देणगी, दूत आणि दान मागणारा बटू. पृथ्वीबाहेरचा, किंवा काळाबाहेरचा, 'दुसरा' येथे दाता वा पाहुणा म्हणून येतो. राज्य म्हणून क्वचितच. याचे एक कारण वैज्ञानिक निष्ठेत आहे. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा प्रामाणिकपणे पाळली, तर ताऱ्याताऱ्यांमधील साम्राज्य संभवत नाही. हुकूम पोचायला जेथे शतके लागतात, तेथे सम्राट असू शकत नाही. आसिमॉव्ह यांनी ही मर्यादा अतिअवकाशाच्या युक्तीने ओलांडली आणि म्हणूनच त्यांना ट्रॅन्टर मिळाले. नारळीकरांचा संयम वैज्ञानिकाला शोभणारा आहे; पण त्याची राजकीय किंमत कथेने मोजली आहे.

'वामन परत न आला' ही कादंबरी ही किंमत काही अंशी भरून काढते. उत्खननात सापडलेल्या एका प्रगत, लुप्त संस्कृतीच्या ज्ञानावरून यंत्रमानव बनतो, आणि स्वतःची प्रजा वाढवू पाहणारा तो यंत्रमानव माणसाच्या प्रभुत्वालाच आव्हान देतो. शीर्षकातील वामनाचे मिथक महाराष्ट्रात तटस्थ नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त बळीला राजा आणि वामनाला आक्रमक ठरवले होते. दिवाळीत बळीच्या राज्याची इच्छा अजूनही घरोघर उच्चारली जाते. ज्ञानाची देणगी हेच राज्य घेण्याचे पहिले पाऊल असू शकते, हा 'आज्ञापत्रा'तला संशय या कादंबरीत पुन्हा जागा होतो. फक्त तो यंत्र आणि मानव यांच्या द्वंद्वात बंदिस्त राहतो. राज्याराज्यांच्या संबंधापर्यंत पोचत नाही.

तो पोचतो 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत, आणि तीत आकाशगंगा नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जातात, जेथे पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले. त्या जगाची राज्यघडण लक्षणीय आहे. विजेते दिल्लीचे तख्त मोडत नाहीत; बादशहाला नामधारी ठेवून सत्ता आपल्या हाती घेतात. विसाव्या शतकात लोकशाही येते, तरी तो नामधारी शहेनशहा राहतोच. इंग्रजांची कंपनी मुंबईत कराराने बसलेली आहे. ट्रॅन्टर, अनाक्रिऑन आणि टर्मिनस या तिन्ही जागा येथे भरलेल्या आहेत. परंतु नाते वेगळे आहे. नाममात्र सार्वभौमत्व आणि प्रत्यक्ष सत्ता यांची फारकत 'फाउंडेशन'मध्ये ऱ्हासाचे लक्षण आहे. गायतोंड्यांच्या जगात ती राज्यव्यवस्थेची नेहमीची घडण आहे. चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा १७१९मध्ये बादशहाकडून मिळवणाऱ्या, आणि १७३१च्या वारणेच्या तहाने दोन छत्रपतींच्या गाद्या मान्य करणाऱ्या राजकारणाची स्मृती या कल्पनेमागे आहे. ही कथा एका वैकल्पिक इतिहासाइतकीच एका वैकल्पिक राज्यशास्त्राची नांदी आहे. तिची मर्यादा अशी, की तिचा रोख पुणे, दिल्ली आणि मुंबई या त्रिकोणावर खिळला आहे. वारणेच्या दक्षिणेकडील गादी, तिचे जहागीरदार आणि त्यांच्याखालची गावे त्या विजयी जगात कोठे असतील, हा प्रश्न तिच्या चौकटीबाहेर राहतो.

६

आता पुन्हा गडमुडशिंगीकडे वळता येईल. कोल्हापूरच्या विमानतळाचा आरंभ १९३९मध्ये राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत झाला. करवीरच्या अस्मितेला आकाशाचे दार उघडणारी ती घटना. दहा वर्षांत, १ मार्च १९४९ रोजी, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. 'फाउंडेशन'च्या मूळ कथा प्रसिद्ध होत होत्या, तीच ही वर्षे. आसिमॉव्ह आकाशगंगेच्या साम्राज्याचा अंत कल्पित होते आणि हिंदुस्थानात सार्वभौमत्वाचा प्रत्यक्ष अंत कायद्याच्या कलमांनी होत होता. धावपट्टीच्या पलीकडच्या वाचकाने ही दोन अंतवर्णने शेजारी ठेवली, तर त्याला एक गोष्ट ठळकपणे जाणवेल. दोन्हींत बोलणारे सगळे वरच्या पायऱ्यांवरचे आहेत : सम्राटाचा दूत, नगराध्यक्ष, रीजंट, रेसिडेंट, दिवाण, छत्रपती. कोल्हापूरच्या इतिहासात एकदा तरी खालची पायरी बोलली. १८४४मध्ये दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारात गडकऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क धोक्यात आले, तेव्हा सामानगडापासून त्यांनी बंड पुकारले. ते मोडले गेले, पण नोंदले गेले. अनाक्रिऑनच्या गडकऱ्यांची अशी नोंद आसिमॉव्ह यांच्या मालिकेत सापडत नाही. तेथील प्रजा शापाला भिते आणि संपात सामील होते. तिला स्वतःचा हक्क नाही, म्हणून तिला स्वतःचे बंडही नाही.

विज्ञानकथेतील राज्यांची उतरंड ही केवळ पार्श्वभूमी मानणे समीक्षेला परवडणारे नाही. कोणाला सनद हवी, कोण ती देतो, कोणाला ती न मागता जगता येते, या प्रश्नांची उत्तरे कथा आपल्या रचनेतच देऊन टाकते आणि वाचक ती नकळत स्वीकारतो. मराठी विज्ञानकथेला साम्राज्याचा आराखडा रोमहून उसना आणण्याचे कारण नाही. मांडलिकत्व, दत्तक, दुहेरी गाद्या आणि वरच्याकडे दाद मागणे या संस्थांचा तपशीलवार वारसा तिच्या दप्तरखान्यात पडून आहे. तो उचलणाऱ्या लेखकाला प्रकाशवेगाचाही अडसर वाटू नये. हुकूम पोचायला विलंब लागतो, या एका गोष्टीतूनच तर जहागीरदार जन्माला येतो. आणि असा लेखक निघालाच, तर त्याच्या आकाशगंगेत धावपट्टीच्या कडेचे एक गाव असावे. तेथल्या माणसांना वर काय चालले आहे हे दिसते, आणि जमीन मोजायला कोण येणार आहे हेही ठाऊक असते.